तलवारीची गौर

बाळूकाकांनी मफलरची एकेक घडी सोडवली, आतला पितळी मुखवटा बाहेर काढला आणि मृणालिनीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शेपूच्या जुडीशेजारी ठेवला. कऱ्हाडपासून आयर्लंडपर्यंत त्यांनी तो मांडीवरून खाली उतरू दिला नव्हता. मुंबईच्या विमानतळावर बॅग तपासणाऱ्या पोराला आधी नमस्कार करायला लावला आणि मगच पुढे सरकलो, हे ते सकाळपासून भेटेल त्याला सांगत होते.

"चांगला घासून आणलाय," काका म्हणाले. "बग कसा झळकतुया."

मृणालिनीने बघितलं. मुखवटा खरंच छान होता. ठसठशीत नाक, मोठे डोळे, कपाळावर कोरलेली चंद्रकोर. तिने भाकरीचं पीठ मळता मळताच विचारलं, "सुरेख आहे हो काका. कुणासाठी आणलात?"

कुणासाठी ते तिला ठाऊक होतं. परवा जावेचा, सुरेखाचा फोन आला होता. "आम्ही सगळेच येतोय ताई, ॲडम्सटाउनहून सकाळीच निघतो," एवढंच बोलून तिने घाईघाईने ठेवून दिला होता, आणि सुरेखा घाई करते तेव्हा पोटात काहीतरी दडवलेलं असतं हे मृणालिनीला इतक्या वर्षांत कळलं होतं. पण ज्याला बोलायचं आहे त्याने तोंड उघडून बोलावं, आपण त्याच्यासाठी वाट झाडून ठेवणार नाही, असा तिचा बाणा होता. लेटरकेनीच्या हॉस्पिटलात भुलीची डॉक्टर म्हणून तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. समोरचा माणूस घाबरून गप्प बसला की किती वेळ थांबायचं, हे तिला शिकवावं लागत नव्हतं.

काकांनी, म्हणजे तिच्या चुलतसासऱ्यांनी, प्रसन्नकडे बघितलं. प्रसन्न तिचा धाकटा दीर, सुरेखाचा नवरा. डब्लिनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता, घरातही मीटिंग असल्यासारखाच बोलायचा.

"वहिनी, ॲक्च्युअली आम्ही सगळ्यांनी मिळून विचार केला," तो म्हणाला. "हेमदादा गेल्यावर गेल्या वर्षी आपण गौर बसवलीच नाही. ते ठीक होतं, वर्ष सरायचं होतं. आता पुन्हा सुरू करायची तर नीट करू. आज आवाहन इथेच, पण सुरेखाच्या हातून, आणि काकांनी आणलेल्या मुखवट्याचं. पुढच्या वर्षीपासून मग आमच्याकडे, ॲडम्सटाउनला. तुम्हालाही दगदग नको."

"मला काय दगदग?"

"म्हणजे तुम्ही फक्त बसायचं. निवांत."

"कुठे बसायचं?"

प्रसन्न गडबडला. "अहो, कुठेही. सोफ्यावर."

गॅसजवळ उभी असलेली सुरेखा शेपू निवडत होती. निवडून झालेल्या काड्या ती पुन्हा पुन्हा निवडत होती आणि मान काही वर करत नव्हती.

"प्रसन्न, तू दगदगीचं बोलतोयस," मृणालिनी म्हणाली. "परवा मी रात्रपाळी करून आले, तेव्हा नाही कुणाला माझी दगदग आठवली. खरं कारण सांग."

"आगं सूनबाई," बाळूकाका मध्ये पडले, "पोराला कशापायी उलटं-पालटं इचारतीस? रीत हाय ती. गौर म्हंजी माह्येरवाशीण. तिला घरात आणायची ती सवाशिणीच्या हातानं. माझ्या मायपास्नं ह्येच बगत आलो मी. तुज्यावर राग न्हाई कुणाचा."

"म्हणजे मी विधवा आहे म्हणून."

काकांनी दोन्ही हात वर केले. "आसं तोडून बोलू नये, बाय."

"तोडून नाही बोलत काका, नाव घेऊन बोलते. तुम्ही सगळे सकाळपासून त्या शब्दाला वळसा घालून चालताय, म्हणून मीच घेतलं."

हे ऐकून स्वयंपाकघरातल्या सगळ्यांनाच आपापल्या चहाच्या कपात काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागलं. मृणालिनीचा मुलगा अभिजित फ्रिजला टेकून उभा होता. तो इथेच जन्मला आणि इथेच वाढला. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इथल्या, डोनेगॉलच्या इंग्रजीत यायचं. "आह, आई," तो म्हणाला, "नोबडीज सेइंग दॅट."

"काकांनी आत्ताच सांगितलं, बाळा. तू ऐकलं नाहीस."

हात धुऊन ती बाहेरच्या खोलीत गेली. तिथे काचेच्या दाराचं एक उंच कपाट होतं. त्याला घरात सगळे आयरिश लोकांसारखं प्रेसच म्हणायचे, तिच्या नवऱ्याने, हेमचंद्रनेच, ही इथली सवय लावली होती. त्यात तिची एनॅमलची चित्रं होती, एकूण चार, त्यातलं सर्वात मोठं वरच्या फळीवर. कोपऱ्यात एक जुना ड्रिप-स्टँड उभा होता. हॉस्पिटलने मोडीत काढला तेव्हा हेमचंद्रने रीतसर परवानगी काढून तो घरी आणला होता, कारण गौरीच्या धडासाठी त्याहून सरळ काही लेटरकेनीत मिळत नव्हतं. दरवर्षी त्याच्या दांडीला उशा बांधल्या जायच्या, वर पैठणी नेसवली जायची आणि सलाइनची बाटली अडकवायच्या आकड्यावर गौरीचा चेहरा म्हणून ते मोठं एनॅमल टांगलं जायचं.

हे सुरू झालं ते सासूबाईंच्या नकारातून. लग्नानंतर मृणालिनी इकडे आली तेव्हा सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की घरचा मुखवटा समुद्र ओलांडणार नाही. माहेरी तिच्याकडे कागदावरच्या चित्राची गौर असायची, त्यामुळे चित्र पुजायला तिला काही वाटेना. आणि नेमकं त्याच वर्षी डॉक्टर बॉइलनी तिला हे चित्र दिलं होतं.

बॉइल म्हणजे रॅमेल्टनचा म्हातारा सर्जन. माणसांपेक्षा जुन्या एनॅमलांवर जास्त जीव. सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या लिमोज गावचे कारागीर तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड पसरून ती भट्टीत वितळवायचे. आधी काळा थर, मग त्यावर पांढरा, कुठे दाट, कुठे इतका विरळ की खालचा काळा सावलीसारखा वर यावा. प्रत्येक रंगाला वेगळी आग लागायची, म्हणून एकच चित्र पुन्हा पुन्हा भट्टीत जायचं, आणि शेवटच्या खेपेला तडकलं की सगळी मेहनत वाया. राजेरजवाडे ही चित्रं खास खोल्यांमधून मांडून ठेवत. पुढे तीनशे वर्षांनी बँकवाल्या श्रीमंतांना त्यांचं वेड लागलं, ते लिलावात एकमेकांशी इरेला पडायचे. मग ते वेडही ओसरलं, आणि बॉइलच्या आजीने एका मोडलेल्या बड्या घरातून काही उचलली. मृणालिनी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जायची. "चेहरा नंतर बघ," ते बजावायचे, "आधी कड बघ. खिडकीत तिरकं धर." तिरकं धरलं की गुळगुळीत दिसणाऱ्या काचेवर आगीने उठवलेल्या बारीक लाटा दिसायच्या. तिला ते फार आवडायचं. बॉइल गेल्यावर पुतण्यांनी सगळा संग्रह विकून टाकला तेव्हा ती रडली होती, आणि मग स्वतः एकेक जमवायला लागली होती.

बॉइलनी स्वतः दिलेलं चित्र होतं एका बाईचं. गर्द निळ्या आकाशापुढे तिचा एका बाजूने दिसणारा चेहरा, केसांत सोन्याची पट्टी, आणि खांद्याशी धरलेली उभी तलवार. ज्यूडिथ तिचं नाव. शत्रूने गाव वेढलं होतं, पाणी तोडलं होतं, गावचे पुढारी शरण जायच्या गोष्टी करत होते. तेव्हा ही बाई नटूनथटून शत्रूच्या सेनापतीच्या तंबूत गेली, त्याच्याच तलवारीने त्याचं मुंडकं उडवलं आणि चालत घरी आली. बॉइलनी ही गोष्ट रंगवून सांगितली होती आणि शेवटी म्हणाले होते, की बाई विधवा होती.

परत येताना गाडीत हेमचंद्रने पुन्हा एकदा वळून चित्राकडे बघितलं. मग म्हणाला, "मृणाल, गौर म्हणून चालेल का गं ही?"

"तूच सांग. तुझ्या घरची रीत."

"आपल्याकडची एक देवी सांग, जिच्या हातात हत्यार नाही," तो म्हणाला आणि हसला. "चालेल. फक्त तलवारीवर पदर घेऊ, कुणी विचारत बसायला नको." तेव्हापासून दरवर्षी तलवारीवर पदर यायचा. ही बाई मुळात कोण, हे दोघांशिवाय कुणाला कधी कळलं नाही, आणि दोघांना त्यात गंमतच वाटत आली.

मृणालिनीने चौकट खाली काढली तोवर सगळे तिच्या मागोमाग बाहेर आले होते.

"हे बघा वहिनी, याचंही आम्ही बोललो," प्रसन्न समजुतीच्या सुरात म्हणाला. "हे इतकं जुनं, व्हॅल्युएबल. म्यूझियमला देऊन टाका. काचेत सेफ राहील, खाली दादाचं नाव लागेल. काय अभि?"

"युअर मॅन इन द म्यूझियम वॉज व्हेरी नाइस अबाउट इट," अभिजित पुटपुटला. म्यूझियममधल्या त्या माणसाला तो इथल्या बोलीत 'युअर मॅन' म्हणत होता.

मृणालिनी वळली. "म्हणजे विचारूनही झालंय?"

"जस्ट अ वी फोन कॉल, आई. छोटासा." त्याचे कान लाल झाले. मग त्याने मोठ्या कष्टाने मराठी गोळा केली. "तू एकटी आहेस इथे. बाबा नाही. ॲडम्सटाउनला काका-काकू आहेत, मी जवळ आहे. मला भीती वाटते."

हे मात्र तिला लागलं. बाकी सगळे रीतीचं बोलत होते, हा मुलगा खरं बोलत होता. तिने चौकट खुर्चीवर ठेवली आणि त्याच्या गालाला हात लावला. "भीती मलाही वाटते, राजा. पण म्हणून मी माझ्याच घरच्या सणाला पाहुणी होऊन सोफ्यावर बसू? तुला हवंय तसं?"

"नो," तो म्हणाला. "आय डिडन्ट थिंक ऑफ इट लाइक दॅट."

बाळूकाका एव्हाना चष्मा लावून चित्राजवळ वाकले होते. त्यांचं बोट काचेवरून फिरत फिरत खालच्या कोपऱ्याशी थांबलं. तिथे निळं आकाश उडालं होतं आणि नखाएवढं तांबं उघडं पडलं होतं.

"ह्ये तर फुटल्यालं हाय!" ते म्हणाले. "मूर्त खंडित झाली की पुजायची न्हाई. आता तर बोलायचंच काम न्हाई, सूनबाई. पाण्यात सोडायची ती तुमी आजवर पुजत बसला?"

सुरेखाच्या हातातला तांब्या खाली आदळला. तो रिकामाच होता, पण आवाज मोठा झाला.

ती लग्न होऊन नवीनच आयर्लंडला आली होती, त्या पहिल्या गौरीची गोष्ट. सणाच्या आदल्या दिवशी मदत करावी म्हणून तिने हे चित्र चौकटीतून काढलं होतं. मागच्या बाजूलाही काचेचाच थर असतो, पण तो असतो पारदर्शक. त्यातून खालचं काळवंडलेलं तांबं दिसतं, आणि सणाच्या आधी काळवंडलेलं तांबं दिसलं की चांगल्या घरातली मुलगी जे करील तेच सुरेखाने केलं. चिंच आणि मीठ घेऊन, जोर लावून घासलं. पुढच्या बाजूचा टवका टचकन उडाला आणि सिंकमध्ये पडला. मृणालिनी आत आली तेव्हा सुरेखा ओल्या हातांनी नुसती उभी होती. मृणालिनीने चित्र पुसून चौकटीत बसवलं आणि सासूबाई व्हिडिओवर बघायला लागल्या तेव्हा म्हणाली, कोपरा आधीपासूनच तसा आहे. त्या दिवसानंतर दोघींनी तो विषय काढला नव्हता.

"कसं काय फुटलं?" काका विचारत होते.

सुरेखाने मृणालिनीकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

खरं सांगायचं तर मृणालिनीच्या जिभेवर नाव आलं होतं. सवाशिणीच्या हातानेच फुटलं, एवढंच म्हणायचं होतं, आणि काकांची बोलती बंद झाली असती. सुरेखानेही परवा घाईघाईने फोन ठेवला होता, तीही या कटात होती. पण दुसऱ्या बाईला खाली ढकलून स्वतः वर चढायचं, हे तिच्याने होईना.

"जुनं आहे ते काका," ती म्हणाली. "आधीपासूनचं. आणि खंडित तर खंडित. माझीच गौर आहे, मला चालते."

"पर रीत—"

"ऐका आता माझं. ही बाई कोण आहे माहीत आहे तुम्हाला? विधवा आहे." तिने चौकट सगळ्यांना दिसेल अशी धरली. "गाव वाचवायला पुरुष पुढे येईनात, तेव्हा हिने तलवार घेतली. हेमला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने स्वतःच्या हाताने हिला त्या आकड्यावर टांगली. इतकी वर्षं तुमच्या घराण्याची गौर विधवा आहे, काका! त्यात अभि जन्मला, प्रसन्नला नोकरी लागली, तुम्ही बायपासमधून उठलात. काय वाईट झालं?"

"हेमू गेला," काका हळूच म्हणाले.

मृणालिनीला एकदम राग आला, आणि तिने तो लपवला नाही.

"हेम कशाने गेला ते मी डॉक्टर म्हणून बघितलंय. उशाशी मी होते. ते पुन्हा या घरात बोलू नका," ती म्हणाली. "या हातांनी मी बायकांना भूल देते. मागच्या आठवड्यात नागपूरची एक पोर होती, बाळ अडलं होतं. माझा हात धरून पडली होती. तिने नाही विचारलं, डॉक्टर, तुमचा नवरा आहे का. बाळ बघायला जागी झाली ती याच हातांनी. आणि तुम्ही म्हणता या हातांनी गौर घरात यायची नाही? येईल. आत्ता येईल. ज्याला बघवत नसेल त्याने डोळे मिटावेत."

चौकट छातीशी धरून ती मागच्या दाराने बाहेर पडली. पायात हॉस्पिटलचे रबरी क्लॉग होते, तेच घालून घराला वळसा घातला. झिमझिम पाऊस पडत होता. पलीकडच्या कुंपणावरून शेजारच्या मिसेस मगिंलीनी हात हलवला आणि आज देवीचा दिवस का, म्हणून विचारलं. मृणालिनीने मान डोलावली. पुढच्या दारात येऊन ती उभी राहिली.

दार उघडंच होतं. आत उंबऱ्यापासून ड्रिप-स्टँडपर्यंत सुरेखाने सकाळी कुंकवात मूठ बुडवून पावलं उमटवून ठेवली होती, पितळी मुखवट्यासाठी. आता आतून कुणीतरी विचारायला हवं होतं. आणणारीने दारात थांबायचं, घरच्या बाईने कोण आलं म्हणून विचारायचं, पायावर दूध-पाणी घालायचं आणि मगच गौर आत येते. त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आजवर कितीही थंडी असो, हेमचंद्रच आतून खणखणीत आवाजात विचारायचा, कारण सुरुवातीला घरात विचारायला दुसरं कुणी नव्हतं, आणि मग तीच पद्धत पडली.

कुणी विचारलं नाही. काका मुखवटा मांडीवर घेऊन बसले होते. प्रसन्न फोनकडे बघत होता. अभिजित दारापर्यंत आला, शब्द आठवेनात तसा गोंधळला, आणि शेवटी अगदी गंभीरपणे म्हणाला, "हूज देअर?"

एरवी ती हसली असती. आता डोळ्यांतून पाणी आलं. पण ती तिथेच उभी राहिली. रात्र झाली असती तरी उभी राहिली असती.

"हो बाजूला, अभि," मागून सुरेखाचा आवाज आला. तिच्या हातात तोच तांब्या होता.

"सुरेखा," प्रसन्न म्हणाला, "आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं. मी नुसती मान हलवली होती." ती उंबऱ्याशी आली. तिची नजर आधी चित्राच्या कोपऱ्यावर गेली, तिथल्या उघड्या तांब्यावर, आणि मग मृणालिनीच्या चेहऱ्यावर स्थिरावली. तिने मोठ्याने विचारलं, "कोण आलं?"

"गौर आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या पावलांनी, असं म्हणायची पद्धत. मृणालिनीने खाली बघितलं. क्लॉगमधून पाणी निथळत होतं.

"ओल्या पावलांनी आली," ती म्हणाली. "आता आत घे बाई, कुडकुडले मी."

सुरेखा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. तिने क्लॉगवरच दूध-पाणी ओतलं, दोन्ही पायांवर. मृणालिनी कुंकवाच्या पावलांवरून चालत आत गेली आणि अभिजितने न सांगता स्टँडचा स्क्रू सैल करून आकडा तिच्या हाताला येईल इतका खाली घेतला. ते काम त्याच्या बाबाचं असायचं.

सुरेखाने पैठणी नेसवायला घेतली. निऱ्या झाल्या, कमरपट्टा झाला. इतक्या वर्षांच्या सवयीने तिने पदर खांद्यावरून पुढे आणला आणि चित्रातल्या तलवारीवर नेऊन टाचणी उघडली. मग थांबली. मृणालिनीने काही सांगितलं नव्हतं, ती नुसती बघत होती. सुरेखाने पदर परत उचलला, मागे नेला आणि मागेच टाचला. निळ्या आकाशापुढची ती पांढरी, उभी तलवार गौरीच्या खांद्याशी पहिल्यांदाच उघडी राहिली.

बाळूकाका खुर्चीतून उठले. हातातला मुखवटा कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

"आगं पोरींनो," ते म्हणाले, "निदान ती तलवार तरी झाका."

"यंदा नाही, काका," मृणालिनी म्हणाली, आणि भाकऱ्या टाकायला आत गेली.